गुण्या, रंधा आणि वाकडे अंगण

लक्ष्मी रस्त्याने सोन्या मारुतीच्या चौकापर्यंत आले, की पुणेकर बायका सहसा सराफांच्या काचांकडे वळतात. त्याच भागातून रविवार पेठेत शिरून दोन-तीन वळणे घेतली, की बोहरी आळी लागते. तिथे मात्र बायका फारशा दिसत नाहीत. ही गल्ली लोखंडाची. दोरखंडांची वेटोळी, साखळ्या, कड्या-कोयंडे, बिजागऱ्या, वजनावर मिळणारे खिळे, भिंतीवर उलट्या टांगलेल्या करवती. वास काथ्याचा, ग्रीझचा आणि नव्या रंगाचा. हातगाडीवाला मागून ओरडतो आणि आपण अंग चोरून एखाद्या दुकानाच्या पायरीवर चढतो, तेवढ्यात आतून प्रश्न येतो, "बोला ताई, काय पाहिजे?"

मला पटाशी पाहिजे होती. आणि रंधा, करवत, गुण्या. एका महाविद्यालयात मी मराठी शिकवते. हे शब्द मला मोल्सवर्थच्या कोशामुळे चांगले ठाऊक होते. वस्तू हातात घेण्याचा प्रसंग मात्र गेल्या जूनमध्ये आला.

त्याचे असे झाले. आमच्या मुलाची बारावी संपली आणि इंजिनिअरिंगचा अर्ज भरण्याऐवजी त्याने जाहीर केले, की आपण एक वर्ष लाकूडकाम शिकणार. घरात जे व्हायचे ते झाले. त्याच्या वडिलांनी दोन दिवस वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही. तिसऱ्या दिवशी तह ठरला: मागची गॅलरी मिळेल, बारा हजार रुपये मिळतील, आणि मुदत दिवाळीपर्यंत. मात्र तहाला त्यांनी एक कलम जोडले. "सध्या स्वस्तातली हत्यारं घेऊ. महिनाभरात कंटाळला तर फार पैसे बुडणार नाहीत. टिकला तर मग चांगली घेऊ."

हा हिशेब कोणत्याही मध्यमवर्गीय घरात शहाणपणाचाच समजला जाईल. पेटी शिकायची तर आधी जुनी पेटी, चित्रकला शिकायची तर आधी साधे रंग. मलाही तो मान्य होता. पण मनात कुठेतरी खुपत होता. का खुपत होता, ते समजायला मला पुण्यातल्या तीन बाजारांत हिंडावे लागले.

आपल्याकडे एक म्हण आहे, 'नाचता येईना अंगण वाकडे'. वर्गात ती मी वर्षानुवर्षे समजावून दिली आहे. ती म्हणताना मला माझी शाळा आठवते. नाव सांगत नाही. आठवीत आम्हा मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम असे. मुलांच्या वाट्याला आठ-नऊ पटाश्या होत्या, आणि त्यांना धार अशी कधी लागलेलीच नव्हती. लाकूड कापले न जाता चेचले जाई. मास्तर येऊन तीच म्हण ऐकवीत, आणि मुले खाली मान घालून चेचत राहत. आपल्या हातात हुन्नर नाही अशी त्यांतल्या कित्येकांची त्या वयातच खात्री झाली असणार. अंगण खरोखरच वाकडे असेल काय, हे पाहायला कोणी वाकले नाही.

आमच्या सोसायटीत एक काका राहतात. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये पस्तीस वर्षे काढून निवृत्त झाले. त्यांना मी बरोबर घेतले. खरे म्हणजे मला ते घेऊन गेले. "पोराला आणू नका," म्हणाले. "पोरं रंग बघून घेतात."

बोहरी आळीतल्या दुकानात पांढरी दाढी, सोनेरी किनारीची टोपी असे शेठ बसले होते. पटाशी मागितल्यावर त्यांनी विचारले, "सुताराला पाहिजे, का घरात ठेवायला?"

मी म्हटले, "शिकणाऱ्याला."

शेठनी काकांकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाले, "असा माल येत नाही ताई. सुताराचा येतो, नाहीतर घरचा येतो."

हे वाक्य मी घरी येईपर्यंत घोळवत होते. बाजारात दोनच जाती आहेत: ज्याला काम येते त्याची हत्यारे, आणि ज्याला काम करायचे नाही त्याची. मधल्या माणसाचा विचार कोणी केलेला नाही.

तरी शेठ मनाचे मोठे. त्यांनी गल्ल्यावर तीन पटाश्या मांडल्या. पहिली चौकडीतली, लाल-पिवळ्या मुठीची. चारांचा संच साडेतीनशेला. दुसरी एकटी, साध्या लाकडी मुठीची, सातशेची. तिसरी परदेशी, मेणकागदात गुंडाळलेली. किंमत दोन हजारांच्या पुढे. काकांनी खिशातून एक लहानशी जुनी कानस काढली. "चालेल ना शेठ?" शेठ हसले. "पहिलीवर खुशाल घासा. दुसरीवर हळू. तिसरीला हात नाही लावू देणार."

पहिल्या पटाशीच्या धारेजवळ कानस फिरवली आणि ती सरळ रुतली. चमकता भुगा पडला. दुसरीवर कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. परीक्षा एवढीच. कानस ज्याला खाते ते पोलाद मऊ, ज्यावरून घसरते ते कठीण. मऊ पटाशीची धार सागवानाच्या पहिल्या गाठीलाच वळणार आणि मुलाला वाटणार, आपण हातोडी चुकीची मारली.

हा फरक कुठून येतो हे काकांनी तिथेच पायरीवर उभे राहून सांगितले. पटाशी व्हायला पोलादात कार्बन हवा, शंभरात पाऊण ते एक भाग. ते तापवून लालबुंद करायचे आणि एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवायचे. त्याने ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही. म्हणून पुन्हा हलकेच, दोनशे ते अडीचशे अंशांपर्यंत तापवायचे. घासून उजळलेल्या पोलादावर गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढला, की थांबायचे. निळा चढला म्हणजे वेळ टळली, धार मऊ पडली. आपले लोहार याला पाणी देणे म्हणतात. माणसाला पाणीदार म्हणायचे ते इथूनच आले असावे, असे माझे मत आहे. निदान पाणी उतरणे तरी इथले शोभते. धार लावणाऱ्याने यंत्राच्या दगडावर पटाशी फार वेळ दाबून धरली, की टोकाशी तोच निळा रंग दिसतो आणि चांगल्या पोलादाचेही पाणी उतरते. तेव्हा महागाची वस्तू आणली म्हणजे काळजी मिटली, असेही नाही.

मग तिसरी का महाग? काकांनी ती शेठच्याच हातात ठेवून दाखवली. तिची पाठ आरशासारखी सपाट केलेली, कडा बारीक, मूठ तोललेली. दुसरीची पाठ आपल्याला निसण्यावर एक दिवस घासून सपाट करावी लागेल. "धंदेवाल्याचा दिवस महाग असतो," काका म्हणाले, "त्यानं तिसरी घ्यावी. तुमच्या पोराकडे दिवस आहेत, आणि घासल्याशिवाय त्याला पोलाद कळायचं नाही." दुसऱ्या प्रतीच्या तीन पटाश्या आम्ही घेतल्या, पाव इंची, अर्धा इंची आणि एक इंची. शेठनी बांधून देताना आपली म्हण ऐकवलीच: सस्ता रोये बार बार, महँगा रोये एक बार. स्वतःच्या दुकानातली सर्वांत महाग वस्तू पडून राहिली असताना त्यांनी ती म्हणावी, याचे मला कौतुक वाटले.

गुण्याची गोष्ट तर मी भेटेल त्याला सांगते. गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन. दीडशेपासून हजारापर्यंत मिळतो, आणि दिसायला सगळे सारखे. त्याची परीक्षा करायला यंत्र लागत नाही. एका बाजूने सरळ असलेली फळी आणि शिसपेन्सिल पुरते. फळीच्या सरळ कडेला गुण्या टेकवून रेघ ओढायची. मग गुण्या उलटा फिरवून, त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढायची. रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या, तर जेवढी चूक असेल तिच्या दुप्पट फट दिसते. हे मला फार आवडले. चूक लपवू पाहणाऱ्या वस्तूकडूनच ती दुप्पट मोठी करून घ्यायची! शेठच्या दुकानातले चार स्वस्त गुण्ये आम्ही असे तपासले. त्यांपैकी एक अगदी बरोबर निघाला, बाकीचे तीन फाकले. म्हणजे स्वस्त वस्तू वाईटच असते असे नव्हे. ती चांगली आहे की नाही हे पाहण्याचे काम कारखान्याने आपल्यावर सोडलेले असते. ते ज्याला करता येते त्याला स्वस्त परवडते. शिकणाऱ्याला नेमके तेच येत नसते.

हातोडी मात्र काकांनी सर्वांत साधी उचलली, लाकडी दांड्याची. लाकूड आवळून धरायचे क्लँपही स्वस्तातले घेतले. "ठोकणारं आणि धरणारं हत्यार कसंही चालतं. कापणारं आणि मोजणारं चांगलं पाहिजे." हा नियम मी लगेच वहीत लिहून ठेवला, शिक्षकांची सवय.

पण आठवड्याने मी काही कामासाठी कसबा पेठेत गेले आणि तांबट आळीत थांबले. तिथे उरलेल्या काही घरांतून अजून मठारकामाचा ठोका ऐकू येतो. तांब्याच्या भांड्यावर रांगेने लहान-लहान ठसे उठवीत जायचे, प्रत्येक ठसा आरशासारखा चमकणारा. एक आजोबा काम थांबवून हातोडीचे तोंड फडक्याने पुसत होते. मी विचारले तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिली. तोंड इतके गुळगुळीत, की त्यात माझ्या चष्म्याची काडी दिसली. त्यावर एक बारीक ओरखडा असेल, तर तो प्रत्येक ठोक्यासरशी भांड्यावर उमटणार. हजार ठोके मारले तर हजार वेळा. तांबटाची हातोडी म्हणजे ठोकणारे हत्यार नव्हेच. ती त्याची लेखणी. मी घरी येऊन वहीतल्या नियमापुढे 'लाकडापुरते' असे लिहिले.

रंध्याचा प्रश्न अवघड होता. नवा बिडाचा रंधा दीड हजारापर्यंत मिळतो. परदेशी नामांकित घ्यायचा, तर जकात धरून तीस हजारांच्या वर जातो, म्हणजे आमच्या साऱ्या तहाच्या अडीचपट. गंमत अशी, की आकार दोघांचा एकच. लेनर्ड बेली नावाच्या अमेरिकन कारागिराने तो बसवला; १८६९ मध्ये स्टॅन्ले कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले; आणि आजही जगभर, आपल्याकडेसुद्धा, तीच आकृती ओतली जाते. मग वीस पट फरक कसला? पुष्कळसा थांबण्याचा, असे काकांचे उत्तर. बीड ओतल्यावर त्याच्या अंगात ताण राहतो. ते लगेच घासून सपाट केले, तर पुढे हळूहळू मुरडते. पूर्वी चांगले कारखाने ओतलेला माल महिनोन् महिने उघड्यावर टाकून ठेवीत, आणि तो निवला की मगच यंत्रावर चढवीत. आता हा ताण भट्टीत तापवून काढतात. पण त्यालाही वेळ आणि पैसा लागतो. घाईने केलेल्या रंध्याचा तळ मुरडतो, पाते नीट बसत नाही, आणि लाकडावर रंधा सरकण्याऐवजी दातखिळी बसल्यासारखा थडथडतो.

"यावर एक तोड आहे," काका म्हणाले. "ज्याला मुरडायचं ते कधीच मुरडून झालंय, असा रंधा घ्यायचा."

म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही जुन्या बाजारात गेलो. मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जमिनीवर पोते पसरलेले, त्यावर संसार मांडलेला: फोनचे चार्जर, पितळी कुलपे, एका पायाचे बूट, घड्याळांची तोंडे, आणि अधूनमधून एखाद्या गेलेल्या कारागिराची पेटी तशीच्या तशी ओतलेली. ती ओळखू येते. पटाशीच्या मुठीवर अंगठ्याची जागा झिजलेली असते, पट्टीच्या मागे कोणीतरी पेन्सिलीने आकडे लिहिलेले असतात. त्याच्या घरच्यांनी ती किलोवर विकली असणार. मी तिथे थोडी जास्तच वेळ उभी राहिले.

एका पोत्यावर ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांतून घडवलेल्या पटाश्या होत्या. मूठ नाही, रूप नाही, पण काकांची कानस त्यांवरूनही घसरली. कमानपाट्याचे पोलाद मुळातच चांगले असते. पाणी देणारा लोहार चांगला असला म्हणजे झाले. साठ रुपयांची ही पटाशी घेऊन सुंदर काम करणारे सुतार आहेत, हे काकांनी बजावून सांगितले. मात्र त्यांना धार कशी हवी हे कळते, आणि बिघडली तर दोन मिनिटांत ते ती करून घेतात. गावगाड्यात सुतार आणि लोहार शेजारी राहत ते उगीच नव्हे. सुताराच्या हाताचे वळण पाहून लोहार त्याचे हत्यार घडवी. प्रश्न किमतीचा नव्हता, ओळखीचा होता. आपण शहरातली माणसे, आपल्याला लोहार नाही, म्हणून आपण छापाचे पैसे देतो.

रंधा सापडला तो गंजाने तांबडा, मूठ चिरलेली. पात्यावर घासून पाहिले तेव्हा 'शेफील्ड' अशी अक्षरे निघाली. इंग्लंडातल्या त्याच गावी १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने मुशीत वितळवलेले पोलाद केले आणि हत्यारांच्या धंद्यात त्या नावाचा दबदबा बसला. काकांनी स्टीलची पट्टी तळावर उभी धरली आणि आकाशाकडे करून पाहिले. पट्टीखालून उजेड दिसला नाही. विक्रेत्याने पंधराशे सांगितले. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी रंधा खाली ठेवला आणि चालू लागले. सातशेला मिळाला. या प्रकारात साडीच्या दुकानांतला माझा अनुभव कमी पडतो असे नाही; पण पाठ फिरवण्याचे ते टायमिंग मला जमले नसते.

मुंबईलाही मध्यंतरी पेपर तपासण्याच्या निमित्ताने जाणे झाले. मशीद बंदरला उतरून नागदेवीत एक फेरी मारली. तो बाजार बोहरी आळीच्या कितीतरी पट मोठा, पण घाऊक. एक नग मागणाऱ्या बाईला तिथे फार सवड मिळत नाही. एक चांगली करवत मात्र मिळाली. नव्या करवतींचे दात टोकाशी काळसर, फार कठीण केलेले असतात. पुष्कळ दिवस टिकतात, पण बोथट झाले की पुन्हा कानस लागत नाही, करवत टाकायची. मी साधी घेतली, त्रिकोनी कानशीने धार लावता येईल अशी. कानसही घेतली.

अशा रीतीने बारा हजारांतून साडेआठ हजार खर्च झाले. बाविसशे एकट्या जुन्या शेगड्याचे. तो वर चढवायला दोन माणसे लागली. हिशेबाचा कागद मी जेवणाच्या टेबलावर ठेवला. ह्यांनी वाचला आणि विचारले, "महिन्याभरात सोडलं त्यानं तर?"

मी म्हटले, "सोडू दे. पण लाकूडकाम आवडलं नाही म्हणून सोडू दे. पटाशी मऊ होती म्हणून नको."

त्यावर ते काही बोलले नाहीत. उरलेल्या साडेतीन हजारांत विजेचे ड्रिल यावे असे मात्र त्यांनी सुचवले. तो वाद अजून चालू आहे. मुलाचे म्हणणे, स्वस्त ड्रिलपेक्षा काही न घेणे बरे. वडिलांचे म्हणणे, मग घरातले पडदे कधी टांगायचे?

पहिले तीन आठवडे गॅलरीतून फक्त घासण्याचा आवाज येई. रंध्याचा गंज, मग पाते, मग पटाश्यांच्या पाठी. शेजारच्या वहिनींनी विचारले, कल्हई लावता काय? चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी रंध्याच्या तोंडातून सागवानाचा अखंड पापुद्रा निघाला, कांद्याच्या सालीसारखा. तो आणून त्याने वडिलांच्या वर्तमानपत्रावर ठेवला. त्यांनी तो उचलला, दिव्यासमोर धरला, आणि पापुद्र्यातून मथळा वाचून दाखवला.

दिवाळी आली. मुदतीचा विषय कोणी काढलेला नाही. गॅलरीत भिंतीला लागून फडताळ बसवायचे म्हणून परवा मुलगा गुण्या घेऊन मापे घेत होता. त्याने भिंतीचा कोपरा मापला, पुन्हा मापला, गुण्याच खोटा झाला की काय म्हणून फळीवर रेघा ओढून तो तपासला. रेघा एकमेकींवर बसल्या. मग त्याने वडिलांना हाक मारली, आणि दोघे बापलेक दुपारभर घरभर हिंडत होते. संध्याकाळी मला अहवाल मिळाला. आमच्या घराचा एकही कोपरा काटकोनात नाही, आणि मागची गॅलरी तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चांगली दोन बोटे वाकडी आहे.